बुडापेश्ट: नदी मधे ठेवून बघायचं शहर

दुनाकाठ

नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही तीन वर्षांपूर्वी इथे आलो. तेव्हापासून घरी पाहुण्यांचा राबता आहे आणि प्रत्येकाचा पहिला प्रश्न एकच: "दीड दिवस आहे, काय काय उरकेल?" सगळ्यांच्या फोनमध्ये यादी तयार असते. पार्लमेंट, फिशरमन्स बॅस्चन, चेन ब्रिज, बॅसिलिका, गरम पाण्याचे हौद. यादीत चूक काहीच नाही. पण त्या यादीमागे धावलेली माणसं संध्याकाळी घरी येतात तेव्हा त्यांना कुठली वास्तू नदीच्या कुठल्या काठाला होती, हेही आठवत नसतं. मला त्याचं फार वाईट वाटतं, म्हणून हा धागा.

माझं म्हणणं एवढंच की इथे मुख्य प्रेक्षणीय स्थळ नदी आहे. डॅन्यूबला इथली माणसं दुना म्हणतात. पश्चिमेला टेकड्यांवरचं बुडा, पूर्वेला सपाटीवरचं पेश्ट, उत्तरेला जुनं ओबुडा. १८७३ साली ही तिन्ही मिळून एक शहर झालं. बाकी जे काही आहे ते नदीकडे तोंड करून उभं आहे. म्हणून बुडा बघायचं ते पेश्टच्या काठावरून आणि पेश्ट बघायचं ते बुडाच्या काठावरून.

मी पाहुण्यांना पहिल्यांदा बॉत्त्यानी चौकात नेते. लाल रंगाच्या मेट्रोने पेश्टच्या कोशुत चौकातून बसलं की पुढचंच स्टेशन. मधल्या दोन मिनिटांत आपण नदीच्या खालून जातो. वर आलं की समोर पाण्यापलीकडे पार्लमेंट, या टोकापासून त्या टोकापर्यंत अख्खं: २६८ मीटर लांब, घुमट ९६ मीटर उंच. पेश्टच्या बाजूने ही इमारत कितीही मान वर केली तरी डोळ्यांत मावत नाही. सकाळी सातला गेलात तर काठाच्या पायऱ्यांवर एखाददुसरा मासे धरणारा सोडला तर कुणी नसतं.

९६ हा आकडा मुद्दाम धरलेला आहे. मद्यार (म्हणजे हंगेरियन) टोळ्या ८९६ च्या सुमारास या खोऱ्यात आल्या असं मानतात आणि १८९६ मध्ये त्याची हजार वर्षं धूमधडाक्यात साजरी झाली. सेंट स्टीफन बॅसिलिकाचा घुमटही तेवढाच, ९६ मीटर. शहराची जुनी मेट्रो त्याच वर्षीची, युरोपच्या मुख्य भूमीवरची पहिली. पिवळे छोटे डबे, पांढऱ्या टाइल्स, लाकडी चौकटी. जमिनीखाली जेमतेम एक जिना उतरलं की फलाट. पार्लमेंटचे वास्तुविशारद श्टाइंडल इम्रे (इथे आडनाव आधी येतं) काम पुरं व्हायच्या आत, १९०२ मध्ये वारले. इमारत १९०४ ला पूर्ण झाली.

आतून नक्की बघा, पण तिकीट आधी ऑनलाइन काढा. दारावर येऊन परत गेलेले पाहुणे माझ्याकडे आहेत. युरोपीय संघाबाहेरच्यांना दर जास्त पडतो. घुमटाखाली हंगेरीचा मुकुट आहे, तलवारी घेतलेले दोन पहारेकरी बाजूला असतात, तिथे फोटो काढू देत नाहीत. मुकुटावरचा क्रॉस वाकडा आहे, नीट बघा. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी हा मुकुट अमेरिकन सैन्याच्या हाती लागला, तो फोर्ट नॉक्समध्ये सोन्याच्या साठ्याशेजारी राहिला आणि १९७८ च्या जानेवारीत परत आला. बाहेरच्या मार्गिकेत खिडक्यांजवळ पितळी पन्हाळी आहेत, प्रत्येक खाचेला नंबर. सभागृहात जाताना खासदार आपली पेटती सिगार तिथे ठेवून जात.

आता यादीत नसलेल्या दोन गोष्टी सांगते.

पार्लमेंटसमोरच्या चौकात कृषी मंत्रालयाची इमारत आहे. तिच्या कमानींखालच्या भिंतीत लिंबाएवढे धातूचे गोळे बसवलेले दिसतील. २५ ऑक्टोबर १९५६ ला, सोव्हिएत वर्चस्वाविरुद्धच्या उठावात, या चौकात नि:शस्त्र जमावावर गोळीबार झाला. गोळ्या जिथे जिथे भिंतीला लागल्या तिथे तिथे हे गोळे आहेत. पहिल्यांदा मी ते शोभेचं काम समजून पुढे गेले होते.

दुसरी गोष्ट फेरेन्त्सिएक चौकातल्या चर्चच्या बाहेरच्या भिंतीवर. तिथे एक उठावाचं शिल्प आहे: होडीत उभा राहून बुडणाऱ्या माणसांना वर ओढणारा माणूस. मार्च १८३८ मध्ये नदीतला बर्फ फुटला, खाली अडकून त्याचा बांध झाला आणि मागे तुंबलेलं पाणी पेश्टमध्ये शिरलं. दीडशेच्या वर माणसं गेली, पेश्टमधली निम्म्याहून जास्त घरं बसली. होडीतला माणूस म्हणजे वेश्शेलेनी मिक्लोश हा सुधारणावादी उमराव. सरकारने त्याच्यावर राजद्रोहाचा खटला भरलेला असताना तो दिवसरात्र होडीतून माणसं काढत होता. जुन्या पेश्टच्या काही भिंतींवर आजही लहान पाट्या आहेत, त्यावर कोरलेला हात आणि एका रेघेकडे दाखवणारं बोट. पाणी इथवर आलं होतं.

इथे कुणी येऊन गेलं असेल तर भर घाला. येणार असाल तर विचारा.

---

अनवट_वाट

ताई, अगदी वेळेवर धागा काढलात. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात आई-बाबांना घेऊन व्हिएन्नाहून येतोय, दोन रात्री. बाबा ७२ वर्षांचे, गुडघे बरे नाहीत, पण बघायची हौस दांडगी. किती चालावं लागेल? बुडाच्या टेकडीवरच्या किल्ल्यावर चढ आहे ना?

---

दुनाकाठ

काळजी करू नका, माझे सासरे ७६ व्या वर्षी सगळं बघून गेलेत. व्हिएन्नाहून रेल्वेने पावणेतीन तासांच्या आत येता. राहायचं मात्र नदीजवळ पाहा, चार पैसे जास्त गेले तरी चालतील.

किल्ल्यावर चालत चढू नका. १८७० सालची सिक्लो नावाची दोरीवरची छोटी गाडी आहे, पण तिला रांग असते आणि तिकीट वेगळं. १६ नंबरची बस सरळ वर नेते. मात्याश चर्चजवळ उतरलं की फिशरमन्स बॅस्चन, म्हणजे मनोऱ्यांचा मोठा सज्जा, दोन पावलांवर. तिथून पेश्ट बघा, बाकावर बसा, बसनेच खाली या.

बाबांसाठी सगळ्यात चांगली गोष्ट म्हणजे ट्राम नंबर २. पेश्टच्या काठाकाठाने जाते आणि नदीकडच्या खिडकीतून किल्ला, चेन ब्रिज, गेल्लेर्त टेकडी एकामागून एक सरकत जातात. आम्ही तर पाहुण्यांना त्यात बसवून शेवटच्या स्टॉपपर्यंत नेतो आणि त्याच ट्रामने परत आणतो. बुडाच्या काठाला १९ आणि ४१ नंबर आहेत. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. त्या वेळी बॉत्त्यानी चौकात असा, पार्लमेंटचे दिवे लागताना दिसतील. आईंना शाल द्या, नदीवरचा वारा बोचतो.

---

मेतकूट_भात

शाकाहारी माणसाने इथे काय खावं? गुलाशच्या पलीकडे काही आहे का? आणि चलन युरोच ना?

---

दुनाकाठ

युरो नाही, फोरिंट. पण कार्ड सगळीकडे चालतं, रोख फार लागत नाही. विमानतळावर पैसे बदलू नका. माझ्या भावाने आल्या आल्या एका खिडकीवर बदलले आणि शहरातल्या भावाशी ताडून पाहिल्यावर दोन जेवणांचे पैसे गेल्याचं कळलं.

खाण्याचं म्हणाल तर "फोझेलेक" हा शब्द पाठ करा. बटाटा, वाटाणा, मसूर, दुधी किंवा पालक शिजवून त्याला पीठ लावायचं, वर थोडं आंबट साय. आपल्या पातळ भाजीचीच बहीण. दुपारच्या साध्या खानावळींत मिळतं आणि पोट भरतं. मात्र कधी कधी त्यात मांसाचं पाणी किंवा डुकराची चरबी असते, म्हणून "हूश नेल्क्युल?" असं विचारायचं. मांसाशिवाय का, असा अर्थ. लांगोश म्हणजे तळलेली जाड पुरी, वर लसणाचं पाणी, आंबट साय, किसलेलं चीज. एक दोघांत घ्या. उन्हाळ्यात मेद्यलेवेश मिळालं तर सोडू नका: आंबट चेरीचं गार सूप, जेवणाच्या सुरुवातीला पितात. आणि तुरोश रेतेश, पापुद्र्यांच्या आत गोड चक्का भरलेला. माझी आई म्हणाली, ही श्रीखंडाची करंजी.

मोठ्या मंडईत (१८९७ सालची, छतावर रंगीत कौलं) वरच्या मजल्यावर गर्दी आणि भाव दोन्ही जास्त. तळमजल्यावर इथल्या आज्या पिशव्या घेऊन भाजी घेत असतात, मिरचीच्या माळा टांगलेल्या असतात. मी पापरिका तिथूनच घेते.

---

रिव्हेट

पुलांवर कुणी लिहिलं नाही, म्हणून मी लिहितो. पेशाने स्थापत्य अभियंता आहे, २०२३ मध्ये चेन ब्रिजची दुरुस्ती संपली त्यानंतर लगेच गेलो होतो.

आधी बुडा आणि पेश्ट यांच्यामध्ये होड्यांवर फळ्या टाकलेला पूल होता. हिवाळ्यात नदी गोठू लागली की तो काढून ठेवायचे आणि दोन्ही गावं तुटायची. डिसेंबर १८२० मध्ये सेचेनी इश्तवान या उमरावाला वडील गेल्याचा निरोप आला आणि नदीपार जायला आठवडाभर वाट बघावी लागली. कायमच्या पुलाचा ध्यास त्याने तिथून घेतला. आराखडा विल्यम टायर्नी क्लार्क या इंग्रज अभियंत्याचा, जागेवर उभं राहून काम करून घेतलं ॲडम क्लार्क या स्कॉटिश माणसाने. आडनाव एक, पण दोघांचं नातं नव्हतं. पूल १८४९ मध्ये खुला झाला, मधला गाळा २०२ मीटरचा. त्या काळाच्या मानाने हे फार मोठं धाडस होतं.

चेन म्हणजे सायकलची साखळी डोळ्यासमोर आणू नका. लांब चपट्या लोखंडी पट्ट्या, दोन्ही टोकांना भोक, अशा कित्येक पट्ट्या शेजारी शेजारी ठेवून जाड खिळीने ओवलेल्या. फुटपाथवरून चालताना ही साखळी वरून खाली उतरत उतरत पुलाच्या मध्यावर अगदी हाताशी येते. तिथे थांबून एका खिळीवर तळहात ठेवा. बस गेली की थरथर जाणवते.

आणखी एक. पुलावर टोल होता आणि तो उमरावांनाही भरावा लागे. तोवर हंगेरीत उमराव कुठलाच कर देत नसत. म्हणून इथल्या इतिहासात या पुलाला समतेचीही किंमत आहे.

जानेवारी १९४५ मध्ये माघार घेताना जर्मन सैन्याने शहरातले उभे असलेले सगळे पूल उडवले. मार्गारेट पूल त्याआधीच, ४ नोव्हेंबर १९४४ ला, सुरुंग लावताना दिवसाढवळ्या रहदारीसकट उडाला होता. चेन ब्रिज पुन्हा बांधून १९४९ मध्ये, पहिल्या उद्घाटनाच्या शंभराव्या वर्षी, खुला केला. हिरवा लिबर्टी पूल सगळ्यात आधी, १९४६ लाच. एलिझाबेथ पूल मात्र जुन्या रूपात परत आला नाही. १९६४ मध्ये तिथे पांढरा, सडसडीत, नव्या पद्धतीचा पूल झाला. तीन पूल ओळीने बघितले की शंभर वर्षांचं पूलशास्त्र एका नजरेत येतं. माझ्यासाठी बुडापेश्ट म्हणजे हेच.

---

दुनाकाठ

रिव्हेट दादा, खिळीवर हात ठेवायचं मला तीन वर्षांत सुचलं नव्हतं. उद्याच जाते. चेन ब्रिजवरून आता खासगी मोटारी जात नाहीत, त्यामुळे चालायला छान झालंय.

---

सांगलीचा_घाट

ते बोट दाखवणाऱ्या पाट्यांचं वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही.

आमचं घर सांगलीत गावभागात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४५. आमच्या दारावर वडिलांनी रंगाने तीन रेघा मारल्यात: २००५, २०१९, २०२१. नवीन माणूस घरी आला की आधी त्या रेघा दाखवतात, मग चहा. बुडापेश्टच्या माणसांनी १८३८ ची रेघ पुसली नाही, हे वाचून बरं वाटलं. आता तिथे पूर येतो का?

---

दुनाकाठ

दादा, येतो. जून २०१३ मध्ये पाणी ८९१ सेंटिमीटरपर्यंत चढलं, १८३८ सारखे बर्फाचे पूर सोडले तर तोच आजवरचा उच्चांक. सप्टेंबर २०२४ चा पूर मी स्वतः पाहिला. काठाचे खालचे रस्ते पाण्याखाली, २ नंबरची ट्राम काही भागात बंद, पार्लमेंटच्या पायऱ्या पाण्यात. आणि लोक काय करत होते माहितीये? संध्याकाळी मुलाबाळांना घेऊन नदीवर येत होते, कठड्याला टेकून गप्प उभे राहत होते. शेजारच्या आजी रोज सकाळी मला आकडा सांगायच्या, आज इतके सेंटिमीटर. तुमच्याकडे आयर्विनचे फूट सांगतात ना, अगदी तसंच.

१८३८ च्या पुरानंतर इथे घरं कशी बांधायची याचे नियम कडक केले, काठ उंच केले, दगडी बांध घातले. आज ज्या काठावरून आपण फिरतो तो त्या पुराने बांधायला लावलाय.

---

चौकस

थोडं वेगळं मत मांडतो. फिशरमन्स बॅस्चन बघून लोक "मध्ययुगीन किल्ला" म्हणून फोटो टाकतात. तो १८९५ ते १९०२ मध्ये शुलेक फ्रिद्येशने बांधला, म्हणजे आपल्या मुंबईच्या व्हीटीपेक्षाही नवा. सात मनोरे सात टोळीप्रमुखांचे. मात्याश चर्चचं आजचं रूपही बरंचसं त्याचंच. वायदाहुन्याद किल्ला तर आधी १८९६ च्या प्रदर्शनासाठी लाकूड आणि पुठ्ठ्याचा केला होता, लोकांना आवडला म्हणून नंतर दगडात बांधला. किल्ल्यावरचा राजवाडाही १९४५ ला जळाला आणि आता त्याच्या परिसरातल्या पाडलेल्या इमारती नव्याने उभ्या करताहेत. मग यात जुनं काय? मला तरी तिथे फसवल्यासारखं वाटलं.

---

दुनाकाठ

चौकस, प्रश्न योग्य आहे आणि मीही त्यावर बराच विचार केलाय. पण फसवणूक म्हणणार नाही. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी हे शहर वेगाने वाढत होतं, व्हिएन्नाच्या बरोबरीने उभं राहायचं होतं, आणि आपला भूतकाळ कसा असावा असं त्यांना वाटत होतं तसा त्यांनी दगडात घडवला. ती इच्छा खरी आहे, आणि तिलाही आता सव्वाशे वर्षं झाली.

राजवाड्याच्या नव्या बांधकामांबद्दल मात्र मी तुमच्या बाजूची आहे. गोळ्यांचे व्रण झाकून चकचकीत भिंती करणं मला पटत नाही. इथल्या लोकांतही यावर दोन तट आहेत.

खरंखुरं जुनं हवं तर ओबुडात जा. रोमन लोकांचं अक्विंकुम तिथे आहे, ॲम्फिथिएटरची गोल भिंत घरांच्या मधोमध, पोरं त्यात चेंडू खेळतात. दुना ही तेव्हा साम्राज्याची सीमा होती. आणि तुर्कांचं हवं तर गुलबाबा या दरवेशाची कबर. १५४१ ते १६८६ बुडा तुर्कांकडे होतं. रोझादोम्ब टेकडीवर गुलाबांच्या बागेत ती कबर आहे, गर्दी अजिबात नसते. सोळाव्या शतकातलं रुदाश स्नानगृहही त्यांचंच.

---

शेवंती

रुदाशचा विषय निघालाच आहे तर सांगते. सासूबाईंना घेऊन गेले होते, वय ६८. पाण्यात उतरायला त्या तयार नव्हत्या, "परक्या पुरुषांसमोर मी नाही" म्हणाल्या. रुदाशच्या तुर्की भागात मंगळवार बायकांचा असतो, म्हणून तो दिवस धरला. (जाण्याआधी वार एकदा तपासा.) पोटरीपर्यंतचा पोहण्याचा पोशाख घेतला होता, कुणी अडवलं नाही.

आत अंधार. मधे अष्टकोनी हौद, भोवती आठ खांब, वर दगडी घुमट आणि घुमटाला लहान लहान भोकं, त्यात रंगीत काचा. उन्हाची बारीक तिरीप वाफेतून खाली येते आणि पाण्यावर तांबडे-निळे ठिपके हलतात. कोपऱ्यातल्या हौदांचं तापमान वेगवेगळं, एक तर ४२ अंशांचा. सासूबाई सुरुवातीला पायरीवर बसून नुसते पाय सोडून होत्या. पाच मिनिटांनी गळ्यापर्यंत पाण्यात. मला म्हणाल्या, "वज्रेश्वरीला आईबरोबर कुंडात बसायचो, तसाच वास गं." गंधकाचा वास तो. मग शेजारच्या हंगेरियन आजींशी खुणांनी गुडघेदुखीवर बोलल्या. एकमेकींना गुडघे दाखवून दोघी हसत होत्या.

सेचेनी स्नानगृह (१९१३) मोठं आहे, उघड्यावर आहे, पिवळ्या राजवाड्यासारखं, तिथे पाण्यात उभं राहून बुद्धिबळ खेळणारे काकाही दिसतात. पण मला विचाराल तर रुदाश. टॉवेल आणि रबरी चपला घरून न्या.

---

कुंचला

नदीकाठच्या एका पत्त्याची भर घालतो. बॉत्त्यानी चौकापासून काठाने दक्षिणेला पाच-सात मिनिटं चाललं की सिलाद्यी देझो चौक लागतो. रंगीत कौलांचं, लाल विटांचं चर्च आहे तिथे, मंडई बांधणाऱ्या पेत्स शामूचंच. त्याच चौकात ४ नंबरच्या घरात ३० जानेवारी १९१३ ला अमृता शेरगिल जन्मली. आई हंगेरियन, वडील शीख. आठ वर्षांची होईतो ती याच देशात वाढली, मग कुटुंब हिंदुस्थानात आलं.

मी चित्रकलेचा विद्यार्थी. जे. जे. मध्ये असताना तिच्या चित्रांच्या छापील प्रती बघून रंग शिकलो. त्या चौकात गेलो तेव्हा नोव्हेंबर होता, चार वाजताच उजेड उतरलेला. पलीकडे पार्लमेंट राखाडी, पाणी त्याहून गडद राखाडी, आणि मधे फक्त चर्चच्या कौलांचा पिवळा-हिरवा. तिच्या सुरुवातीच्या चित्रांतला तो मातकट, थंड उजेड मला तिथे समोर दिसला. अर्धा तास उभा होतो, दोन ट्राम सोडल्या.

---

मेतकूट_भात

त्या काठावरच्या लोखंडी बुटांबद्दल कुणी लिहिलं नाही. लहान मुलांना दाखवावेत का? माझी मुलगी नऊ वर्षांची आहे.

---

दुनाकाठ

मुद्दामच शेवटी ठेवलं होतं.

पेश्टच्या काठावर, पार्लमेंटपासून थोडं दक्षिणेला, साठ जोड लोखंडी बूट आहेत, अगदी पाण्याच्या कडेला. २००५ मध्ये बसवले. कल्पना दिग्दर्शक जान तोगाय यांची, घडवले शिल्पकार द्युला पाउएर यांनी. १९४४-४५ च्या हिवाळ्यात इथल्याच ॲरो क्रॉस या फॅसिस्ट संघटनेच्या लोकांनी ज्यूंना काठावर रांगेत उभं केलं, बूट काढायला लावले आणि गोळ्या घातल्या. बुटांना किंमत होती, म्हणून ते ठेवून घेतले. माणसं नदीत गेली.

कामगाराचे जाड तळव्याचे बूट आहेत, टाचा झिजलेले बायकांचे आहेत, एक जोड अगदी लहान मुलाचा, तळहातावर मावेल एवढा. कुणी त्यात खडे ठेवतं, कुणी फूल, हिवाळ्यात त्यात बर्फ साठतो. कृपा करून त्यात पाय घालून फोटो काढू नका. मी तसं करणाऱ्या आपल्याच एका कुटुंबाला हात जोडून विनंती केली होती, त्यांनी लगेच ऐकलं, त्यांना माहीतच नव्हतं.

नऊ वर्षांच्या मुलीला मी नेईन. माझ्या मुलाला आठव्या वर्षी नेलं. त्याने विचारलं, "बूट परत घ्यायला कुणी आलं नाही?" मी खरं उत्तर दिलं. वाकून त्याने लहान बुटातलं वाळकं पान काढलं. नंतर दोहान्य रस्त्यावरच्या मोठ्या सिनेगॉगलाही नेलं. १८५९ सालचं, युरोपातलं सगळ्यात मोठं. मागच्या अंगणात धातूचा विलो वृक्ष आहे, पानापानावर मारल्या गेलेल्यांची नावं. वारा आला की पानं वाजतात.

---

रिव्हेट

एक व्यवहारातलं. कागदी तिकीट घेतलं तर चढण्याआधी किंवा चढताच यंत्रात घालून त्यावर छाप मारायचा असतो. मी नवीन तिकीट खिशात घेऊन निवांत बसलो होतो, तपासनीस आले आणि दंड झाला. सरळ ७२ तासांचा पास काढा. आणि ६५ वर्षांवरच्यांना फुकट प्रवास असतो तो युरोपीय संघाच्या नागरिकांना, आपल्या पासपोर्टवर नाही. अनवट_वाट, बाबांचा पास विसरू नका.

---

अनवट_वाट

कालच परत आलो. सगळ्यांचे मनापासून आभार. बाबांचा पास काढला होता. :)

पहिल्या संध्याकाळी बॉत्त्यानी चौकात बसलो. दिवे लागले तेव्हा आईने नकळत हात जोडले. दुसऱ्या दिवशी १६ नंबरने वर, मग खाली चेन ब्रिज. बाबांनी खिळीवर हात ठेवून तीन बस जाऊ दिल्या. फोझेलेक दोन वेळा खाल्लं, मसुराचं जास्त आवडलं. कृषी मंत्रालयाच्या भिंतीवरचे गोळे बाबांनी मोजायला घेतले आणि मध्येच थांबले.

शेवटच्या दिवशी गाडीला दोन तास होते, म्हणून फेरेन्त्सिएक चौकात ते होडीचं शिल्प बघायला गेलो. मी १८३८ ची गोष्ट सांगितली. बाबा भिंतीजवळ गेले, आपल्या डोक्यावर वीतभर हात धरला आणि म्हणाले, "आमच्या वाड्यात एवढं आलं होतं."

पानशेतचं धरण फुटलं तेव्हा, १२ जुलै १९६१ ला, बाबा आठ वर्षांचे होते. घर नारायण पेठेत. हे आम्हाला माहीत होतं, पण त्यापुढचं त्यांनी कधी सांगितलं नव्हतं. त्या भिंतीपाशी उभं राहून सांगितलं: आजोबांनी त्यांना खांद्यावर घेतलं, धाकट्या आत्याला आजीने पदराने पाठीशी बांधलं आणि सगळे पर्वतीच्या दिशेने निघाले. पाणी ओसरल्यावर परत आले तेव्हा देवघरातला लामणदिवा तेवढा कडीला लटकलेला होता, आणि त्यात नदीचा गाळ भरला होता. आजीने तो गाळ अंगणात तुळशीच्या जागी ओतला आणि दिवा घासायला बसली.

तो दिवा अजून आमच्या घरी आहे. आई म्हणाली, "चाळीस वर्षं मी तो घासतेय, मला कधी बोलला नाहीत."

मग गाडीची वेळ झाली.